मशीनवरचा तळहात

बेंगळुरू

आदरणीय बाबा,
सप्रेम जयभीम.

मी मजेत आहे. नवी खोली लहान आहे, पण उजेड भरपूर. आईचा गुडघा कसा आहे?

तुम्ही विचारलं होतंत, कॉम्प्युटरवर एकच आवाज तासभर वाजवायचा, ह्यात कसलं संगीत? रविवारी माझ्या कार्यक्रमात तुमच्या सातपूरच्या कारखान्यातल्या प्रेस मशीनचा आवाज वाजवला, तुम्ही रिटायर झालात त्या दिवशी मोबाइलवर घेतलेला. ठोका तोच, पण ऐकणारा दर ठोक्याला थोडा बदलतो. विहारात अनित्य म्हणतात ते मला तिथं कळलं. लोक जागचे हलले नाहीत, बरं का!

स्पीकर पाठवलाय. कानांनी साथ सोडली म्हणून कपाटात ठेवू नका. तोच आवाज लावा आणि त्यावर तळहात ठेवा. मशीनला काय होतंय, हे तुम्ही तसंच तर ओळखायचात.

तुमची,
चैताली