रुळाखालची हरळी

ता. ४ मे १९३४, बेळगाव कॅम्प

क्लबात टेनिसच्या हिरवळीचं गवत कापायची दोन मशीनं आली. एक हलकं, बाजूला चाकं, माणसानं ढकलायचं. दुसऱ्याला मागं भला जाड लोखंडी रूळ, ते बैलानं ओढायचं. सेक्रेटरी साहेबांनी मलाच विचारलं, हेड माळी, तुला कुठलं पाहिजे? इतक्या वर्षांत मला कुणी काय विचारलं न्हाय. मी रुळाचं म्हटलं. त्यांच्याही मनात तेच होतं. दुसरं परत जाणार.

जमीन कशी असावी हे मला शिकवायला नको. येळ्ळुरात खळं करावं तर आमच्या घरानं. पाणी मारा, चोपा, सारवा. दाणा पडला तर वाजला पायजे.

ता. ९ मे

बैलाला बूट! खुरांचे ठसे पडू नयेत म्हणून चांभाराकडनं चामड्याचे शिवून घेतले. बैल हाकणारा भीमा, सदलग्याचा, पोट धरून हसला. म्हणाला, माझ्या पायात वहाण न्हाय आन् ह्यो बघा जावई. मलाही हसू आलं. तानी, माझी बायको, गेल्यापासनं पहिल्यांदाच असेल.

ता. १५ मे

हिरवळीवर रुळाचे पट्टे उठले. एक उजळ, एक काळसर, जमखाना अंथरल्यागत. मडमा मुद्दाम बघायला आल्या.

बायकोनं बघायला पायजे होतं. ही हिरवळ तिची. गेल्या पावसाळ्यात बायकांची रांग बसवून हरळीच्या काड्या लावल्या, सगळ्यांत पुढं तानी. बायका हसायच्या, हरळी कुणी लावतं व्हय गं? तानी म्हणायची, लावा गं, हितं तरी तिला कोण शिव्या देत न्हाय. मग भाताच्या सुगीत ताप आला आन् ...

ता. २ जून

येळ्ळूरला गेलतो. आण्णा, थोरला भाऊ, बांधावर हरळी खणत बसलेला. घामाघूम. आजा गेला, बा गेला, ही काय मरंना, म्हणाला. पट्ट्यांचं सांगितलं तर माझ्याकडं बघितलं आन् परत खणायला लागला.

ता. १८ जून

पाऊस लागला. से. सा. विचारत होते, ओल्यात मशीन बंद ठेवायचं का. मी म्हटलं, न्हाय साहेब, ओलीतच रूळ बसतो. खळ्याचं तेच. रोज फिरवतोय.

ता. २७ जून

कारहुणवी, बैलांचा सण. बैलाला आज जुंपायचं न्हाय, शिंगं रंगवून भीमा त्याला मिरवायला घेऊन गेला. से. सा. कुरकुरले. हिरवळ रिकामी. मधोमध पाणी साचलंय, दुपारपर्यंत हटलं न्हाय. पाऊसच लई आहे यंदा.

ता. २१ जुलै

पिवळी पडायला लागली. शेणखत चाळून टाकलं. रूळ दोनदा.

ता. ८ ऑगस्ट

शेवाळ. काडी धरली तर मुळासकट हातात आली, मूळ काळं, कुजका वास. खुरपं खुपसलं, जाईना. परत जोर केला तर खुरप्याचं टोक वाकलं.

तिथंच बसलो चिखलात. अरे येड्या, खळं केलंस की रं तू. खळं कशाला चोपतात? त्यावर काय उगवू नये म्हणून. हे पोराठोरांना ठाऊक, मला ठाऊक, आन् तरी मी रोज पाणी मारून ...

आण्णाच्या तीन पिढ्यांना जी मरली न्हाय ती मी दोन महिन्यांत मारली.

ता. ९ ऑगस्ट

मशीन बंद केलं. से. सा.ना सगळं सांगितलं. ओरडले न्हाईत. ओरडले असते तर बरं. म्हणाले, दिवाळीपर्यंत बघू, न्हाईतर उकरून मुरूम टाकू. मुरमाच्या कोर्टाला कापायची कटकट न्हाय.

ता. ३० ऑगस्ट

पहारीनं भोकं पाडतोय, त्यात वाळू. हाताची सालटी निघाली. काय फरक न्हाय. जेवण जात न्हाय. तानी एकदा तापानं गेली, दुसऱ्यांदा माझ्या हातानं. हे कुणाला सांगायचं? भीमा म्हणतो, आप्पा, गवतच हाय ते. त्याचं खरं आहे. माझंही खरं आहे.

ता. १६ सप्टें.

येळ्ळूर. आण्णाकडं हरळी मागितली. आधी लई हसला. "मेली? कशानं रं मेली? सांग की, आमच्या रानात बी करतो." सांगायला लागलो आन् मला रडूच आलं, चाळिशीच्या माणसाला, बांधावर. मग स्वतः पोतं भरून दिलं. म्हणाला, "मुरमातनं बी वर येती ही अवदसा. भिऊ नको."

ता. ७ ऑक्टो.

आण्णाची हरळी धरली न्हाय. दोन बोटांखाली जमीन तशीच दगड. से. सा. आले, बुटाच्या टोकानं उकरून बघितलं आन् गेले.

कुंपणालगत तेवढी वीतभर पट्टी हिरवी आहे. तिथं बैल वळवायचा, रूळ पोचायचा न्हाय. तानीची शेवटची ओळ तिथंच होती. तिकडं बघवत न्हाय.

ता. १२ नोव्हें.

दिवाळी झाली. मुरमाच्या गाड्या फाटकाशी रिकाम्या केल्या. उद्या पसरणार.

कुंपणाच्या पट्टीतल्या काड्या काढल्या, पाटीत घेतल्या आन् मधोमध लावायला बसलो, उकिडवा, तानी बसायची तसा. भीमा येऊन उभा राहिला.

"आप्पा, उद्या हितं मुरूम पडणार. कशाला लावतासा?"

"आण्णा म्हणतो, मुरमातनं बी वर येती."

भीमा म्हणाला, "पण मुरमावर बी रूळ फिरवणारच की ओ."

पाटीत काड्या उरल्या होत्या, त्या लावल्या.