कार्डावरचा ‘वाहक’

नाकाडोंगरी

प्रिय अश्वजित,

आज आमच्या घरी पेढे वाटले गेले, तेही माझ्या रक्ततपासणीच्या कार्डावरून! मी गावोगाव सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी करत फिरते, म्हणून आधी स्वतःचं रक्त दिलं. कार्डावर ‘वाहक’ असं लिहून आलं आणि ते आईच्या हाती लागलं. घरातली पहिली पदवीधर मुलगी, त्यात पक्की नोकरी नाही. आईला एसटीच आठवली.

“भावना कंडक्टर झाली वो!” ती गल्लीभर सांगून आली.

शेजारची पंचफुला आजी म्हणाली, “मले साकोलीले फुकट नेशील ना वं?”

हसून पोट दुखलं. मग आईला समजावलं की मी आजारी नाही, पण नवराबायको दोघंही वाहक असले तर लेकराला हा आजार होऊ शकतो. शासनाला कार्डावरचा शब्द बदलायला लिहिणार आहे, हेही सांगितलं.

“ते लिहिजो. पण अश्वजितले सांगतलं का नाही?”

नव्हतं सांगितलं. लोकांना लग्नाआधी तपासा म्हणते आणि ज्याच्याशी लग्न करायचं त्या तुलाच सांगायला घाबरत होते. तू दिल्लीत अण्वस्त्रांच्या धोरणाचा अभ्यास करतोस. शत्रू देशांनी एकमेकांना तपासणी करू दिली की भीती कमी होते, असं तूच म्हणाला होतास. आपण तर शत्रूही नाही.

एवढं लिहून धीर आला आणि तुला फोनच केला. तू म्हणालास, “उद्याच तपासणीला जातो. कोणतं बोट देऊ?”

आता पत्र कशाला टाकू?

तुझीच,
भावना