टेबलावरचा दिवा

तीर्थरूप दादा,

मकाऊहून धाकट्या पुई-क्वानचा उभयतांना वाकून नमस्कार. वहिनींचा गुडघा कसा आहे? (आल्याचा लेप लावावा, डॉक्टर पैसे घेऊन तेच सांगतो.) आम्ही कुन याम देवीच्या कृपेने हिंडूफिरू शकतो, हे जरा जास्तच हिंडतात.

यांचा बाकाराचा नाद तुम्ही जाणताच. खेळ सोपा: बाजू दोन, बँकर आणि प्लेअर, बेरीज नवाच्या जवळ जाईल ती जिंकली. पण हे आधीच्या डावांची लाल-निळी वर्तुळं काढतात, त्यांचा अभ्यास करतात, पत्त्याचा कोपरा उचलून फुंकर घालतात (नको ते ठिपके उडावेत म्हणून), आणि हरतात. मध्यंतरी घरी संत्री येऊ लागली, एकदा भाजलेलं बदकही आलं. हे खूश! "बघ, लोक कसे मानतात मला!" मला शंका आली म्हणून कॅसिनोत बघायला गेले, तर यांच्याच टेबलावर खेळणाऱ्या लाम मावशींनी माझा हातच धरला. "पोरी, याला जप गं. आमचा दिवा आहे तो! तो लावतो त्याच्या उलट आम्ही लावतो. माझ्या नातवाची फी यानेच भरली." सगळे हसले. हेही हसले, त्यांना वाटलं, कौतुक चाललंय.

यांना तिथून उठवणं देवीलाही जमलेलं नाही. मग घरातलं जातं ते घरातच का येऊ नये? मी मावशींच्या पाठीआड बसून यांच्या उलट, तितकेच लावू लागले. यांचे जायचे, माझे यायचे. बँकरवर जिंकलं की शंभरातले पाच कापतात, तेवढी गळती (ती शुद्ध लूट आहे). बाकी हिशेब बरोबर.

मग आईच्या अस्थींच्या कोनाड्यासाठी तुमचे पैसे आले. टेकडीवरच्या मंदिरात तेवढ्या पैशांत खालच्या ओळीतला कोनाडा मिळत होता. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय लागतात. मला वाटलं, एका डावात खिडकीजवळचा वरचा कोनाडा होईल. यांनी प्लेअरवर थोडे लावले, मी बँकरवर सगळे. यांनी फुंकर घातली. नऊ. बँकरचे सहा.

हे खुर्चीवरून उठून नाचले. लाम मावशी ओरडल्या, "मेल्या, आजच उजेड पाडायचा होता?" येताना यांनी माझ्यासाठी बदक घेतलं. म्हणाले, "अभ्यास फळाला आला."

आपली,
पुई-क्वान

ता. क. छिंग मिंगला आईच्या पूजेसाठी याल तेव्हा यांच्यापुढे मंदिराचा विषय काढू नका. आई वर खिडकीशी आहे असं मी सांगितलंय. हे रोज सकाळी टेकडीकडे बघून हात जोडतात. आई माझ्याकडे आहे, तांदळाच्या डब्यामागे, कोरड्या जागी. उदबत्ती चुकवत नाही.

आणखी एक. दिवा एकदा फडफडला म्हणून विझत नसतो, असं मावशी म्हणतात. शनिवारी हे पुन्हा जाणार. पहिल्याइतकेच पैसे शुक्रवारी कोणाच्या तरी हाती रोख पाठवा. बँकेतून मिळायला दुपार होते, आणि हे सकाळीच बसतात.