जिन्याच्या कोपऱ्यातली टाइल

उस्ताद,

रविवारी उलव्याच्या आमच्या टॉवरची लिफ्ट बंद होती, म्हणून जिन्याने चढलो आणि तुमची आठवण झाली. ती शाईच्या वासाने यायला हवी होती, किंवा तुमच्या मनगटावरच्या अत्तराने. आली ती गुटख्याच्या ओल्या वासाने. प्रत्येक वळणावरचा कोपरा लाल. वाळलेल्या ओघळावर ताजा ओघळ, कठड्याला कुणीतरी पुसलेलं चुन्याचं बोट, खाली चपलेला चिकटेल असं थारोळं. इथली माणसं दाराबाहेर चपलांसाठी पॉलिश केलेलं कपाट ठेवतात हो. नाक दाबून वर पोचलो तर कमिटीची सभा बसलेली. चेअरमन मीच. सेक्रेटरीबाई मला म्हणाल्या, "चेअरमन साहेब, सोपं आहे. कोपऱ्याकोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावू. सगळ्या धर्मांच्या. मग बघू कोण थुंकतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी चहाचा कप खाली ठेवला.

कारण हेच वाक्य मी वाशीत ऐकलं होतं, तुमच्या शेजारी उभा राहून. तेव्हा सगळी वाशी नवी होती, दुकानं नवी होती आणि प्रत्येक दुकानाला पाटी हवी होती. मी खाडीकाठच्या दिवाळे कोळीवाड्याचा, शाळा अर्धी सोडलेला; ब्रश आणि जीभ, दोन्हींवर पोट भरत होतो. तुम्ही आयुष्यभर मुंबईत उर्दू दैनिकाचे कातिब. रोज पान न् पान बोरूने लिहायचं, मग ते छापायला जायचं. पुढे दैनिकाने अक्षरं लिहिणारं मशीन आणलं आणि तुम्ही लेकीकडे वाशीला राहायला आलात. एका सकाळी माझ्या दुकानासमोर थांबलात, सलूनची पाटी बराच वेळ बघितलीत आणि म्हणालात, "पेंटर, तुझ्या 'क'चं पोट सुटलंय. त्याला जेवण कमी घाल." तुम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, त्यामुळे टोमणासुद्धा मराठीतच मारायचात. मी हसलो, स्टूल पुढे केलं, आणि तुम्ही रोज यायला लागलात.

तुमच्याकडून मी टिंब शिकलो. बोरूचं टोक तिरकं कापायचं, कागदावर दाबायचं, की शंकरपाळ्यासारखं टिंब पडतं. तेच माप. उभी रेघ किती उंच, वाटी किती खोल, सगळं त्या टिंबांनी मोजायचं. "फूटपट्टी दुसऱ्याची असते," तुम्ही म्हणायचात, "टिंब आपल्या कलमाचं असतं." मी ते देवनागरीला लावलं आणि माझ्या पाट्या लोक थांबून बघायला लागले. पण कोपऱ्यात माझी सही मात्र तुम्ही करू दिली नाहीत. उस्तादाने इजाजत दिल्याशिवाय शागिर्दाने कामाखाली नाव लिहायचं नाही, हा तुमच्या धंद्याचा कायदा. "कधी देणार?" विचारलं की तुम्ही चष्मा पुसत बसायचात. आणि एक मी बघून ठेवलं होतं: अल्लाचं नाव लिहिलेला बोरू धुतलात, तर ते पाणी तुम्ही मोरीत ओतत नव्हतात. माझ्या दुकानाच्या पायरीवर डालड्याच्या डब्यात मोगरा होता, त्याला घालायचात.

अशा माणसाकडे मी काम घेऊन आलो. वाशीतल्या एका मोठ्या सोसायटीला सगळ्या जिन्यांत देवांच्या टाइल्स हव्या होत्या. देव रंगवायला मी आणि अरबी अक्षरांना तुम्ही. किती महिन्यांचं काम होतं ते! लेकीच्या घरात जावयासमोर हात पसरायची वेळ तुमच्यावर आली होती, हे मला ठाऊक होतं. सेक्रेटरी टाय लावलेला, बँकेतला. "मास्टर, टेन्शन नाही. फक्त वरच्याचं नाव लिहून द्या. थुंकी बंद झाली पाहिजे."

तुम्ही कोपरा बघितलात. खाली वाकून नीट बघितलात. मग शांतपणे म्हणालात, "साहेब, तुमच्या सोसायटीत वॉचमन आहे?"

"आहे की."

"मग त्याला उभा करा. अल्लाला कशाला या कोपऱ्यात उभा करता? लोकांना काही सांगायचंय, तर माणसाने माणसाला सांगावं."

"अहो, माणसाचं ऐकतं कोण?" तो हसला. तुम्ही हसला नाहीत. काम गेलं. परत येताना मी चिडून म्हणालो, "उस्ताद, घरी काय सांगणार?" तुम्ही म्हणालात, "सांगेन, जिना उंच होता."

त्याने दुसरीकडून कॅलेंडरवरून नक्कल करवून टाइल्स लावल्या. मी देव रंगवले नाहीत, तेही तिकडूनच झाले. पुढे कुणाच्या तरी दाराची पाटी लावायला आपण दोघं त्याच जिन्याने गेलो, आणि तुम्ही पहिल्याच वळणावर थांबलात. टाइलवर वरून खालपर्यंत लाल ओघळ. त्या नावावरून. मला वाटलं तुम्ही ओरडाल. तुम्ही खिशातला पांढरा रुमाल काढलात, थुंकी लावून नव्हे, माझ्या बाटलीतलं पाणी घेऊन टाइल पुसलीत, परत पुसलीत, आणि पुटपुटलात, "टिंब गोल काढलंय मूर्खाने." मग सरळ सेक्रेटरीचं दार वाजवलंत आणि ती टाइल मागितलीत. तो म्हणाला, "न्या. पण मग त्या कोपऱ्याची जबाबदारी तुमची."

ती टाइल कचऱ्यात कशी टाकणार? असं नाव जुनं झालं की जमिनीत पुरतात, नाहीतर पाण्यात सोडतात, 'ठंडा करणं' म्हणायचात तुम्ही. मी तुम्हाला आमच्या गावी, दिवाळ्याला आणलं. सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासात तुम्ही पायजमा वर धरून होडीत बसलात. माझ्या काकाने वल्हं हातात घेत विचारलं, "काय रं, देव हाय का काय त्यान?" मी म्हटलं, "हाय." "मंग दे, खोल पान्यान नेतो. कडंला नको, चिखलान रुततो." खाडीच्या मध्यावर तुम्ही रुमालासकट टाइल सोडलीत.

कोपऱ्याची जबाबदारी तुम्ही विसरला नाहीत. पत्र्याचा तुकडा घेतलात आणि मराठीत, माझ्याच भाषेत, 'कृपया येथे थुंकू नये' लिहिलंत. टिंब मोजून. तसा 'थ' मी पुन्हा पाहिला नाही. आठवड्याभराने बघायला गेलो, तर त्याच्यावरही पचकन उडालेली पिंक. मला शिसारी आली. त्या सोसायटीची, वाशीची, एकूण माणसाच्या तोंडाचीच. तुम्ही मात्र जिन्यात मोठ्याने हसलात. "आता बरं झालं, पेंटर," म्हणालात. "आता माझ्यावर थुंकले."

रविवारच्या सभेत मी उभा राहिलो. म्हटलं, देवाला वॉचमन करू नका, माणसाने माणसाला सांगावं. टाळ्या पडल्या. टाइल्सचा ठराव बारगळला. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "चेअरमन साहेब, काय सुंदर बोललात! हे पाटीवरच लिहून लावू, खाली तुमचं नाव घालू." मी हो म्हणालो, उस्ताद. इजाजत नव्हती.