निळ्या झाकणाचा डबा

सोमवार, ४ मार्च

पुन्हा उडाला! तिसरा. बटण दाबलं, टक् असा आवाज, आणि फ्यूजची काच काळी. झिपऱ्याचा, त्या लांब केसांच्या गिटारवाल्या पोराचा, अँप आहे — जुना, व्हॉल्व्हचा, उचलताना कंबरडं मोडतं. शुक्रवारी त्यानं आणला तेव्हा एक व्हॉल्व्ह शॉर्ट होता. तो बदलला. वाटलं, झालं काम. कसलं काय!

कंडेन्सर मोजले, डायोड मोजले. सगळं ठणठणीत. तरी फ्यूज जातोच. तीस वर्षं दुकानात असं कधी झालं नाही. पण तीस वर्षं मी एकटाही नव्हतो.

मंगळवार, ५ मार्च

दादाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहितो.

दुकान आम्हा दोघा भावांचं. सोल्डर माझ्या हातात. तो समोर स्टुलावर बसून एकेक वस्तू पुढे करायचा आणि रेझिस्टरवरचे, त्याचं माप सांगणारे रंगपट्टे मोठ्यानं वाचायचा — "तपकिरी, काळा, लाल." दर वेळी! मी काय बालवाडीत आहे? गेल्या महिन्यात गिऱ्हाइकासमोर बोलून गेलो, "काम मी करतो. दादा नुसता फ्यूज देतो."

तो चिडला नाही. आपला चहाचा कप धुतला, पुसला, पिशवीत घातला आणि गेला. सख्खा भाऊ दोन गल्ल्या पलीकडे राहतो आणि महिनाभर तोंड दिसलेलं नाही.

त्या दिवशी रागात मी त्याचे फ्यूजचे डबे टेबलावरून ढकलून दिले. निळ्या झाकणाचा जड फ्यूजचा — अँप सुरू होतानाचा धक्का सोसणारे. असल्या अँपला तेच लागतात. लाल झाकणाचा हलक्यांचा, जरा धक्का बसला की मान टाकणारे. सगळे जमिनीवर एक झाले. मीच वेचून परत वेगळे केले. अर्ध्या तासात! दादा एवढ्याला अख्खी दुपार लावायचा.

बुधवार, ६ मार्च

आज अँपच्या वाटेत शंभरचा बल्ब लावून बघितलं. आत शॉर्ट असेल तर बल्ब ढणढणा पेटून राहतो. हा क्षणभर उजळला आणि मंद झाला. म्हणजे शॉर्ट नाही. बरं. बल्ब काढला, सरळ लावला —

टक्. पाचवा.

डोळ्यांत तेल घालून एकेक जोड बघितला. भिंगाखालीसुद्धा. कुठे काही नाही. एकदा तोंडातून निघून गेलं, "दादा, जरा बघ रे." स्टूल रिकामं. स्वतःचीच लाज वाटली.

गुरुवार, ७ मार्च

टिकला! सकाळपासून चार वाजेपर्यंत अँप वाजत होता. झिपऱ्याला बोलावलं. रविवारी त्याचा कार्यक्रम आहे, हा अँप नाही तर काही नाही. दुकानात उभं राहून त्यानं एक सूर छेडला. काय सांगू! पोटातून आला तो आवाज. महिन्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

मग आमची रीत. गिऱ्हाइकाला देताना फ्यूज कोरा घालून द्यायचा, चाचणीचा नाही. चाचणीचा काढून कचऱ्यात टाकला, निळ्या डब्यातून कोरा घातला, बटण दाबलं.

टक्. त्याच्या डोळ्यांदेखत.

"काका, होत नसेल तर सांगा," तो म्हणाला. "मी राग नाही धरणार." राग धरला असता तर बरं झालं असतं. कीव सोसत नाही.

शुक्रवार, ८ मार्च

सातवा. हात टेकले.

शनिवार, ९ मार्च — सकाळ

ठरलं. दुकान बंद करायचं. माझी विद्या संपली, आणि ती संपल्यावर नुसतं शटर वर करून बसायला मी काही पानपट्टीवाला नाही. हिला सांगितलं. ती पदर खोचून सामान भरायला दुकानात आली. दादाला कळवायला हवं, दुकान अर्धं त्याचं. कोणत्या तोंडानं?

शनिवार — दुपार

आत्ताच लिहून ठेवतो.

ही डबे रिकामे करत होती. म्हणाली, "अहो, हे असे एकत्र का ठेवलेत? ह्याच्यातली तार सरळ आहे. ह्याच्यातली स्प्रिंगसारखी वळलेली."

जड फ्यूजची तार वळलेली असते. सरळ तार हलक्याची. "निळ्यात सरळ असूच शकत नाही," मी म्हटलं. "मी स्वतः वेगळे केलेत."

"निम्मे सरळ आहेत की."

दोन्ही घेऊन दारात उजेडात गेलो. चष्मा पुसला. पुन्हा पुसला. दोन काचेचे तुकडे, आत एकेक करडी रेघ. दोन्ही सारख्या. "कुठे वळलेली आहे?"

"ही काय! ढळढळीत दिसतेय," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही फ्यूज माझ्या हातातून काढून घेतले.

तिनं निवडून दिलेला वळलेला फ्यूज घातला. अँप सुरू झाला. दहादा बंद केला, दहादा लावला. टिकला. पहिल्याच दिवशी दुरुस्त झाला होता तो. बिघाड माझ्यात होता. झिपऱ्या घेऊन गेला, पाया पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि मग एक गोष्ट डोक्यातून जाईना. हे डोळे आज गेलेले नाहीत. मग इतके दिवस माझं काम चुकलं कसं नाही?

रविवार, १० मार्च

दादाच्या दारात उभा राहिलो. बोलायचं पाठ केलं होतं, सगळं विसरलो. दोन फ्यूज तळहातावर पुढे केले. "मला यातला फरक दिसत नाही रे."

त्यानं फ्यूजकडे बघितलंच नाही. "कधी कळलं?"

"काल."

"मला चार वर्षं झाली," दादा म्हणाला. "उगाच वाचत होतो का पट्टे?"

आणि आत जाऊन आपला कप पिशवीत घालून आला.