डावा गुडघा

प्रिय गंधाली,

सामन्याआधी तुमचे फोन काढून घेतात, म्हणून हे पत्र तुझ्या आईच्या डब्यासोबत बोरिवलीला पाठवतोय. डब्यात घावणे आहेत. पत्रात कविता नाही, घाबरू नकोस.

घाटकोपरला तसं सगळं ठीक. आपल्या मैदानात आता गाड्या उभ्या असतात, पण संध्याकाळी खिडकीत बसलो की मला अजून लाल मातीच दिसते. तुझ्या आणि शेजारच्या श्वेताच्या ढोपरांना हळद लावलेली. मी पाचवीच्या पुस्तकातल्या कविता मोठ्याने म्हणायचो आणि श्वेता त्याच तालात कबड्डी-कबड्डी करत चढाईला यायची. वरच्या मजल्यावरची कुंदा खिडकीतून ओरडायची, "नाना, पोरींना खेळू द्या की हो!" पंचांना दिसो न दिसो, हात लागला की जिला लागला ती आपणच हात वर करून बाहेर जायची. मैदानाची रीतच होती ती. तुमचा कोच प्रीतमही त्याच मातीतला गं. त्यालाही असं बाहेर जाताना मी कितीदा पाहिलंय.

परवा तू फोनवर दबक्या आवाजात बोललीस, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. आता समोरच्या संघात असलेल्या श्वेताचा गुडघा अजून दुखरा आहे, हे तिच्या संघालाही माहीत नाही. तिच्या आईने, मालनने, विश्वासाने आपल्या घरात तेवढं सांगितलेलं. तुमच्या संघाच्या बैठकीत ते तुझ्या तोंडून निघून गेलं. मुद्दाम नाही, कळतं मला. पण प्रीतमने लगेच उचललं. "फायनलला घोटा सोड. तो डावा गुडघाच धर आणि पीळ. नियमात बसतं. भारताच्या शिबिराला जायचंय ना तुला?"

बसतं गं नियमात. त्याचीच तर धास्ती आहे. शिट्टी वाजणार नाही, कोणी बोट दाखवणार नाही, टाळ्याच पडतील. दुपारी जरा डोळा लागला की कानात कट् असा आवाज होतो आणि मी दचकून उठतो. तुझी पकड मी ओळखतो. नातीच्या हातांची भीती वाटावी, असं म्हातारपण कोणाला येऊ नये.

काल मालन येऊन गेली. सोलकढी घेऊन आली होती. म्हणाली, "नाना, तुमका म्हणान सांगतंय, पोरीचो गुडघो अजून बरो नाय. कोणाक सांगा नको हां. समोर आपली गंधाली आसा, म्हणान माका झोप तरी लागता." त्या माउलीकडे बघवेना. म्हणून लिहायला बसलो. बाळा, तू गुडघा धरला नाहीस, तरी तेवढ्याने भागणार नाही. प्रीतम दुसऱ्या कुणाला तरी धरायला लावेल. सामन्याआधी श्वेताला गाठ. सांग, "तुझ्या गुडघ्याचं आमच्या संघाला कळलंय, आणि ते माझ्याकडून कळलंय." खेळायचं की नाही, ते मग तिचं ती ठरवेल. ती कदाचित तुझ्याशी बोलणार नाही. प्रीतम तुला बाहेर बसवेल, शिबिरही जाईल. तुझी सगळी मेहनत डोळ्यांपुढे येते. तरी सांग. आणि एवढं होऊन ती चढाईला आलीच, तर घोट्याला अशी धर की तिला तसूभर हलता येऊ नये.

तुझाच,
नाना