तेहेतीस गोपद्मे

३ ऑगस्ट, रवि.
मंडळाच्या गणपतीमागच्या पडद्याची फाइल उघडली. साल बदलायचं होतं, बाकी काही नाही. सेव्ह होत असताना लाइट गेली. परत आली तेव्हा फाइल उघडेना. दुसरी प्रत नाही. मूर्ती दरवर्षी नवी, पडदा तोच, म्हणून मी सहा वर्षं त्याच फाइलवर काम करत आलो. ऑफिसात वनस्पतींच्या चित्रांच्या तीन-तीन प्रती ठेवतो आणि घरी हे.
सुधाची लेअर, तिच्या हातचा चित्राचा थर, त्यातच आहे.

४ ऑ., सोम.
सुधाची आणि माझी लेक मुक्ता, इथे उत्तरेत वाढलेली, हिंदीतच म्हणाली, “बाबा, लेअर छोड़के खोलिए, पूरी पिक्चर तो अलग से सेव रहती है.” तसं उघडलं. चित्र आलं, पण सपाट. सगळं एकमेकांना चिकटलेलं. सुधाची गोपद्मे झेंडूखाली. झेंडू मीच ठेवलेले.
गेल्या चातुर्मासात तिला जमिनीवर बसवेना. व्रताचं पाचवं, शेवटचं वर्ष. गादीवर उशीला टेकून माझ्या टॅबलेटवर, याच फाइलच्या एका लेअरवर, रोज गाईची तेहेतीस पावलं काढायची, दुसऱ्या दिवशी पुसून पुन्हा. अकरांच्या तीन रांगा. कार्तिकातली शेवटची तेवढी पुसायची राहिली. पावलं वाकडी यायची. मंडळात लोक बघतील म्हणून मी फुलं टाकली, तर म्हणाली, “झाका, झाका. गाय काही तक्रार करायची नाही.”
मार्गशीर्षात गेली. उद्यापन राहिलं.

६ ऑ., बुध.
जोशीकाकांचा फोन. मंडळाचं सगळं तेच बघतात. “अहो देशमुख, सपाट तर सपाट! झेंडूखाली कोण बघतंय?” खरं आहे. पडदा निशातगंजच्या छापखान्यात छापायला दिला. मंडळाचं काम झालं.
माझं…

९ ऑ., शनि.
ऑफिसातले अन्सारी घरी आले, कॉम्प्युटरचं काम त्यांच्याकडे असतं. आधी फाइलची प्रत काढून घेतली. (“यह तो रोज़ का काम था, देशमुख भाई. आप पूजा-पाठ वाले आदमी, एक ही पर भरोसा कर लिया!”) मग समजावलं : लेअर वरून खाली, ओळीओळीने लिहिलेली असते. जिथवर शाबूत आहे तिथवर निघेल. लेअरचं नाव दिसतंय. तिनेच टाइप केलेलं, ‘गाय’.
संध्याकाळी दिवा लावला. देवाजवळ काय मागावं ते सुचलं नाही. ओळी मागितल्या.

११ ऑ., सोम.
पहिली रांग आली. अकरा पावलं, फुलांशिवाय, पांढऱ्यावर. बराच वेळ नुसता बघत बसलो. चौथं पाऊल दोनदा काढलंय, आधीचं पुरतं पुसलेलं नाही. सातवं जरा खाली घसरलंय, पेन सुटलं असेल. मी एवढी वाकडी समजत होतो. तशी नाहीत.
मुक्ता डबा भरता भरता म्हणाली, “ग्यारह हैं न, कॉपी-पेस्ट करके तैंतीस कर लीजिए.” एका बटणाचं काम आहे. केलंही. लगेच मागे घेतलं. तेच घसरलेलं पाऊल तीनदा.

१४ ऑ., गुरु.
दुसरी रांग अर्धी. खुरांची टोकं आहेत, खालची गोलाई नाही. तिथून पुढे नुसता करडा चुरा. अन्सारी म्हणाले, “कोशिश करूँगा, पर उम्मीद मत रखिए.” म्हटलं, कोशिश कीजिए.

१७ ऑ., रवि.
सकाळी पूजा झाल्यावर अर्धी पावलं पुरी करायला बसलो. टोकावरून रेघ खाली आणली की हात थांबतो. ती रोज पाऊण तास हे काढायची, तेव्हा मी इकडे चहा, औषधं, पेपर. एकदाही शेजारी बसून पाहिलं नाही. बोलावलं होतं का? “अहो, बघा तरी.” एकदा नक्की. जास्तच वेळा.
मुक्ता मागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. “ऐसे नहीं बाबा. मम्मी नीचे की गोलाई पहले बनाती थीं, फिर ऊपर जाती थीं.”
“तुला काय माहीत?”
“मैं बैठती थी न उनके पास.”
पेन तिच्या हातात दिलं. नव्या लेअरवर एक काढलं तिने. आईच्यापेक्षा मोठं झालं. “और बनाऊँ?”
मी उठून इकडे आलो, हे लिहितोय. ती पेन धरून तिथेच बसली आहे, माझी वाट बघत.